मांडीचा मान

शंकररावांचा फोन आला तेव्हा राजश्रीची गिरण ऐन भरात होती. कोरेगाव भीमाच्या त्या आळीत सकाळी दळणाच्या डब्यांची रांग लागते. निम्मे डबे गावातल्या बायकांचे, निम्मे कंपन्यांत कामाला आलेल्या आणि खोल्या करून राहणाऱ्या बिहारी पोरांचे. मोटारीच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून तिनं जातं बंद केलं. रांगेतल्या एकानं ‘क्या हुआ दीदी’ विचारलं, त्याला तिनं हातानंच थांब म्हटलं. धाकट्या बहिणीचे सासरे सहसा फोन करत नाहीत, आणि करतात तेव्हा काहीतरी मोठं असतं, एवढं तिला ठाऊक होतं.

मोठंच होतं. मोनालीच्या गोटूला तिसरं वर्ष लागलं होतं आणि येत्या रविवारी वरवंडला, भैरवनाथाच्या देवळापुढं, त्याचं जावळ काढायचं ठरलं होतं. मांडव, माइक, गावजेवण, सगळं थाटात. राजश्री ऐकता ऐकता मनातल्या मनात कपाट उघडून मोकळी झाली, कारण गोटूसाठी चांदीचं कडं तिनं दिवाळीतच करून ठेवलं होतं. मग शंकरराव खाकरले. म्हणाले, मामा म्हणून तुमच्या कोरेगावच्याच सुमितरावांना सांगितलंय, तुमच्याच भावकीतले आहेत, दोन गाड्या घेऊन येतो म्हणालेत. तू मात्र आदल्या दिवशीच ये, म्हणजे मोनालीच्या हाताखाली कुणीतरी होईल.

राजश्रीनं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. जातं पुन्हा सुरू केलं, आणि त्या बिहारी पोराच्या गव्हावर कुणाची तरी ज्वारी ओतून बसली. पोरगा बिचारा डबा उचलून बाजूला झाला. तिचा चेहरा बघून कुणीच काही बोललं नसतं.

हाताखाली. पोराचं जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं, मामानं पहिली बट कात्रीनं कापायची, मग न्हाव्यानं वस्तरा लावायचा, ही रीत तिला शिकवायची गरज नव्हती. मोनालीला भाऊ नाही, हेही तिला नव्यानं कळलेलं नव्हतं. त्यांच्या बापाला, मल्हारीला, दोन मुलीच. थोरली राजश्री, धाकटी मोनाली. आई मोनालीच्या शाळेच्या आधीच गेली. थोरलीचं लग्नाचं वय मग धाकटीच्या वेण्या घालण्यात, बापाच्या दम्यात आणि गिरणीच्या पट्ट्यात निघून गेलं. त्याबद्दल तिनं कधी रडगाणं गायलं नाही, तेव्हा आपणही गायला नको. पण मामा नव्हता म्हणून गोटूचं आजवर काही अडलं होतं का, एवढं तरी विचारायला हवं.

मोनालीचं बाळंतपण झालं ते कुणाच्या दारात? कळा सुरू झाल्या तेव्हा शिक्रापूरच्या दवाखान्यात तिला कुणी नेलं, आणि बाहेरच्या बाकड्यावर कोण बसून होतं? पाचवीला सटवीपुढं दिवा लावून कोण जागलं? उष्टावणाचा पहिला घास तर खास मामाचा. तो राजश्रीनं भरवला होता. गोटूनं अर्धी खीर तिच्याच अंगावर थुंकली होती, आणि समोर बसलेले शंकरराव वाटीला वाटी लावून खीर भुरकत होते. त्या दिवशी रीत त्यांच्या घशात अडकली नाही. कारण ते चार भिंतींच्या आत चाललं होतं, बघायला गाव नव्हतं. मांडव पडला, माइक आला की मग रीत आठवते.

आणि मामा निवडला तो कोण, तर सुमित. हा मल्हारीच्या चुलतभावाचा, संपतचा मुलगा. कोरेगावात प्लॉटिंग करतो, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी घालतो, आणि नावापुढं ‘दादा’ लागावं म्हणून चार रिकामटेकड्यांना रोज मिसळ खाऊ घालतो. चार वर्षांपूर्वी मल्हारी गेला तेव्हा अग्नी द्यायला भावकीतला मुलगा हवा म्हणून माणसं पहिली याच्याच दारात गेली होती. दाराला कुलूप. बाप-लेकाचे फोन बंद. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. गेल्याची बातमी कानावर पडली की सुतक लागतं. पडलीच नाही तर लागत नाही. म्हणून यांनी कान बंद करून घेतले. वास्तुशांतीचं जेवण उठल्यावर मग संपत आणि सुमित तोंड पाडून दारात आले आणि म्हणाले, आम्हाला कळलंच नाही. एका आळीतली घरं, आणि यांना कळलं नाही.

मडकं राजश्रीनं घेतलं. नदीकाठी खांद्यावर मडकं घेऊन ती बापाभोवती फिरली, मडकं फोडलं, अग्नी दिला. लोक कुजबुजले, पण दुसरं होतं कोण? शंकररावही आले होते. दहाव्याला त्यांनी माइक हातात घेऊन जोरदार भाषण ठोकलं होतं. मल्हारीरावांना मुलगा नव्हता असं कोण म्हणतं, ही राजश्री हाच त्यांचा मुलगा, असं ते म्हणाले. बायकांनी पदर डोळ्याला लावले, पुरुषांनी माना डोलावल्या. भाषण संपलं, चहा झाला, आणि तो मुलगा पुन्हा गिरणीवर जाऊन पीठ चाळायला लागला.

मोनालीचा फोन येईल म्हणून राजश्रीनं वाट पाहिली. तो आला नाही. शुक्रवारी शेवटी तिनंच केला. मोनाली आधी गोटूच्या सर्दीबद्दल बोलली, मग मांडववाल्याबद्दल, मग काही बोलायचं उरलं नाही तेव्हा हळूच सांगायला लागली. विनोद, म्हणजे तिचा नवरा, कुरकुंभला ज्या कंपनीत आहे तिथला ठेकेदार सुमितच्या ओळखीतला. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, येती पंचायत समिती दिसायला लागलीय, आणि सुमितनं त्यांच्या कानात वारं भरलंय. घरात तिला कुणी विचारलंच नाही. तिनं एकदा ताईचं नाव काढून पाहिलं, तर सासूबाई म्हणाल्या की मावशीच्या मांडीवर जावळ काढलं तर पोराला मामाच नाही असं गावभर होईल.

“मला हितं नांदायचंय, ताई,” मोनाली म्हणाली.

राजश्रीनं फोन ठेवला. बहिणीवरचा राग तिनं गिळला, कारण मोनालीला तिनं वाढवली होती आणि तिची भीती कुठून सुरू होते ते तिला माहीत होतं. पण गिळलेला राग कुठं जातो? तो त्या दिवशी पट्ट्यावर गेला, डब्यांच्या झाकणांवर गेला, भाव विचारणाऱ्या एका बाईवर गेला. शनिवारी ती वरवंडला गेली नाही. हाताखाली राबायला माणूस हवं असेल तर सुमितनं आपल्या पोरांना पाठवावं, असं तिनं गिरणीतल्या रिकाम्या डब्यांना मोठ्यानं सांगितलं. रविवारीही जायचं नाही, असं ठरवूनच ती झोपली.

आणि सकाळी उठून केस धुतले, हिरवी साडी नेसली, कडं कमरेला खोचलं आणि गाडीला किक मारली. भांडण घरात बसून होत नाही. शिवाय गोटूचे ते केस पुन्हा दिसणार नव्हते. खांद्यापर्यंत आलेले, कुरळे, दोन बाजूंना दोन रबरं लावलेले. एसटीत बायका ‘केवढी गोड मुलगी’ म्हणायच्या आणि गोटू ‘मी मुलगा हाय’ म्हणून त्यांना चापट मारायचा.

तळेगाव, न्हावरा, पारगावचा पूल करत ती चौफुल्याला आली. वरवंडच्या फाट्यावर फ्लेक्स होता. गोटूचं पाळण्यात ठेवलेलं श्लोक हे नाव त्या फ्लेक्सखेरीज कुणीच वापरत नव्हतं. ‘चि. श्लोकराजे यांचा जावळ समारंभ’. गोटू काळा गॉगल लावून कोपऱ्यात, तळहाताएवढा. मधोमध हात जोडलेला सुमित, दारापेक्षा उंच. बाजूला शंकरराव, विनोद, आणि कधी न पाहिलेली पंधरा-वीस तोंडं. ज्या बाईनं ते पोर नऊ महिने पोटात वागवलं तिचा फोटो नव्हता, मग मावशीचा कुठून असणार? राजश्रीनं गाडी थांबवून सगळी तोंडं नीट पाहिली आणि मगच पुढं गेली.

मांडवात गर्दी झाली होती. शंकरराव मधोमध उभे राहून पाहुण्यांना फेटे बांधत होते. फेटा बांधण्यात त्यांचा हात अख्ख्या दौंड तालुक्यात कुणी धरणार नाही असं म्हणायचे, आणि ते खरंही होतं. कापड त्यांच्या बोटांत ऐकल्यासारखं वळायचं. मामाचा फेटा मात्र वेगळा, भगवा, जरीच्या काठाचा, तो पाटाशेजारच्या ताटात घडी घालून ठेवलेला. त्याच ताटात नारळ, हळदकुंकू आणि कात्री. शंकररावांनी तिला ‘आलीस का पोरी’ म्हटलं आणि पुढच्या डोक्याकडे वळले. त्यांची बायको रंगुबाई म्हणाली, बरं झालं बाई आलीस, पुऱ्या लाटायला हात कमी पडतायत.

राजश्री मांडवामागं गेली आणि पुऱ्या लाटायला बसली. मोनाली गोटूला कडेवर घेऊन आली. तो झेप घेऊन मावशीकडे गेला, पिठाच्या हातांनीच तिनं त्याला कवटाळलं, आणि दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता त्याच्याशीच बोलत राहिल्या. मोनालीचे डोळे सुजलेले होते. राजश्रीनं ते पाहिलं आणि विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघींपैकी एक रडली असती, आणि रंगुबाईला ते शुभकार्याच्या वेळी चाललं नसतं.

जावळ बाराच्या आत उतरवायचं होतं. न्हावी आनंदराव वस्तरा परजून पाटाजवळ तयार. दहाला येणारा मामा साडेदहाला नव्हता. विनोदनं फोन लावला, तर सुमित म्हणाला, चौफुल्यावर आहे, हा काय पोचलोच. अकरा वाजले. पुन्हा फोन. आता तो पारगावच्या पुलावर होता. वरवंडला यायचं तर पारगाव आधी लागतं आणि चौफुला नंतर, हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणजे मामा पुढं यायच्या ऐवजी मागं मागं चालला होता. एक म्हातारा म्हणाला, आणखी दोन फोन केले तर तो परत कोरेगावात पोचेल. लोक हसले, शंकरराव हसले नाहीत. मग कुणाच्या तरी फोनवर दिसलं की सुमितदादा न्हावऱ्याला एका कार्यकर्त्याचा केक कापत होते.

पावणेबारा झाले. गोटू घामानं, भुकेनं आणि नव्या कुडत्याच्या टोचण्यानं भोकाड पसरून रडत होता. आनंदराव दोनदा म्हणाला होता, की त्याला पुढं पाटसला दुसरं जावळ आहे. तेव्हा शंकरराव मांडवामागं आले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज बारीक केला.

“पोरी, अडलंय,” ते म्हणाले. “बारा वाजत आलं. तू बस घडीभर पाटावर, जावळ उतरवून घिऊ. सुमितराव आलं की त्यांच्या मांडीवर बसवून फोटू काढू, म्हंजी झालं.”

राजश्रीच्या हातातलं लाटणं थांबलं. मांडीवर पोर तिनं घ्यायचं, रडणं तिनं सोसायचं, केस तिच्या साडीवर पडायचे, आणि फोटोत सुमित. एवढं बोलताना त्या माणसाच्या जिभेला काही टोचलं नाही. उलट त्यांचा चेहरा असा होता, की बघ, तुझ्याही मनासारखं करतोय. अपमान करणाराला आपण उपकार करतोय असं वाटतं, तो अपमान पचवायला सगळ्यात जड. आणि खरं सांगायचं तर क्षणभर ती मोहातही पडली, कारण गोटू बाहेर रडत होता आणि तिला तो मांडीवर हवाच होता. चार दिवस तिनं दुसरं काही मनात आणलं नव्हतं.

तिनं हात झटकले, पदर खोचला आणि मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. शंकररावांना मागोमाग यावंच लागलं.

“बसते, आबा,” ती म्हणाली, आणि आवाज बारीक केला नाही. “पण अडलं म्हणून न्हाई बसायची. मामाला बोलवता तसं माइकवरनं नाव घिऊन बोलवा. आन् त्यो ताटातला फेटा माझ्या डोक्याला बांधा.”

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. रंगुबाईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, बायामाणसाला मामाचा फेटा बांधला तर लोक तोंडात शेण घालतील. राजश्रीनं तिला शांतपणे विचारलं, की विनोदच्या लग्नात तुमच्या लेकीनं आणि सगळ्या करवल्यांनी गुलाबी फेटे बांधून डीजेपुढं फुगड्या घातल्या तेव्हा लोकांनी काय घातलं होतं? ते हौशीचं होतं, असं रंगुबाई म्हणाली. म्हणजे मिरवायला फेटा चालतो, मानाला चालत नाही.

शंकररावांनी समजुतीचा सूर लावला. गावात त्यांची ख्यातीच समजूतदार म्हणून. तिच्याबद्दल त्यांना किती आदर आहे ते त्यांनी सांगितलं. राजश्रीनं विचारलं, की मग दहाव्याला माइकवर जे बोललात ते आठवतं का?

“आठवतं की,” शंकरराव म्हणाले. “पण तवाचं येगळं, पोरी. ते दुःखाचं काम. ते कुणीतरी करायलाच लागतं. ह्यो मान हाय.”

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, उन्हाळ्यात ऊन पडतं तसं. आणि मांडवातल्या कितीतरी डोक्यांनी होकार भरला, त्यात बायकाही होत्या. राजश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं तिला वाटत होतं की लोक विसरले असतील. कुणी काही विसरलं नव्हतं. त्यांना सगळं पक्कं आठवत होतं, आणि तरीही असंच होतं.

“दुःख आलं की मी पोरगा, आन् मान आला की मी पोरगी,” ती म्हणाली. “हे तुमी तवा माइकवर सांगितलं न्हवतं, आबा. सांगितलं असतं तर मी मडकं तुमच्याच हातात दिलं असतं.”

आता कुणी हसलं नाही. गोटूचं रडणं तेवढं चालू होतं. आनंदराव पाटाजवळून म्हणाला, “कुनीबी बसा, पर बसा. पाटसची मानसं फोनवर फोन करायल्यात.” विनोदनं बापाकडे पाहिलं, बापानं घड्याळाकडे. बारा टळले तर पुढचा दिवस कधी, आणि झालेल्या जेवणाचं काय करायचं? शंकररावांनी माइक उचलला. दोनदा खाकरले. मग म्हणाले, गोटूच्या मावशी राजश्रीताई यांनी मामाच्या मानानं पाटावर यावं. शब्द नीट उमटले नाहीत, पण कर्ण्यातून बाहेर पडले, आणि राजश्रीला तेवढे पुरेसे होते.

ती पाटावर बसली. मोनालीनं गोटूला तिच्या मांडीवर दिलं. तो हुंदके देत तिच्या कानातल्या कुडीशी खेळायला लागला आणि हळूहळू गप्प झाला. तिनं कडं काढून त्याच्या हातात चढवलं. शंकररावांनी फेट्याची घडी मोडली, एक टोक तिच्या खांद्यावर सोडलं आणि पहिला वेढा घातला. मग दुसरा. त्यांची बोटं राजश्रीच्या कपाळाला लागत होती, आणि त्यांना हे आवडलेलं नाही हे त्या बोटांवरून कळत होतं. पण वेढे नीट बसत होते. इतक्या लोकांसमोर आपण रडायचं नाही, एवढंच ती स्वतःला सांगत राहिली.

आणि बाहेर हॉर्न वाजले. दोन पांढऱ्या गाड्या मांडवाच्या तोंडाशी आल्या. सुमित उतरला, इस्त्रीचे पांढरे कपडे, गालाला अजून केकची क्रीम, मागं मोबाइल उंच धरलेली तीन-चार पोरं. आल्या आल्या त्यानं मांडवाला हात जोडले. ट्रॅफिक फार होतं, म्हणाला.

फेट्याचा तिसरा वेढा अर्ध्यात थांबला. राजश्रीनं मान वर केली नाही, पण शंकररावांचा श्वास बदललेला तिला ऐकू आला. त्यांच्या जिवात जीव आला होता. ते तिच्या कानाशी वाकले.

“आता आलंच हायेत ते,” ते पुटपुटले. “ऊठ बाळा. समद्यांदेखत तमाशा नको.”

आणि त्यांच्या हातांनी तो अर्धा वेढा उलटा फिरवायला सुरुवात केली. खरोखर केली. तिच्या डोक्यावरचं कापड सैल झालेलं तिला जाणवलं. माइकवरून नाव घेऊन बोलावलेल्या माणसाला, पाटावर बसवलेल्या माणसाला, मांडीवर पोर असताना हा माणूस ऊठ म्हणत होता, वर बाळा म्हणत होता. गोड बोलून गळा कापायचा म्हणतात ते यालाच. तमाशा कुणी मांडला होता? जो आला नाही त्यानं, की जी बसली तिनं? राजश्रीला शिव्या येत होत्या, गिरणीवर शिकलेल्या, दोन भाषांतल्या. पण गोटू मांडीवर होता. तिनं त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मोनाली कुठं आहे ते पाहिलं.

मोनाली बायकांच्या घोळक्यात पुढंच उभी होती. लग्न झाल्यापासून या घरात ती जमिनीकडे बघूनच बोलत आली होती, आत्ताही तिची नजर खालीच होती. ती तशीच, खाली बघत, चार पावलं पुढं आली. ताटातली कात्री तिनं उचलली आणि बहिणीच्या हातात दिली.

“काप, ताई,” ती म्हणाली.

विनोदनं ‘मोनाली’ म्हणून हाक मारली. तिनं मान वळवली नाही. राजश्रीनं गोटूच्या उजव्या कानावरची बट बोटांत धरली. रबर अजून तसंच होतं. तिनं कात्री चालवली, आणि रबरासकट बट तिच्या हिरव्या साडीवर पडली.

सगळा मांडव त्या बटेकडे बघत राहिला. पोराचं जावळ जन्मात एकदाच निघतं. ते परत चिकटवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या मांडीवर पुन्हा पहिलं होत नाही. हे कुणाला कुणी सांगावं लागलं नाही. सुमित हात जोडलेले तसेच ठेवून उभा होता. त्याच्या पोरांपैकी एकानं मोबाइल खाली घेतला, मग दुसऱ्यानं.

मोनालीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

“उशीर झाला तुमाला, दादा,” ती सुमितला म्हणाली. “आता आलाच हाय, तर जेवून जावा.”

मागच्या रांगेतला तो म्हातारा खो खो हसला आणि खोकत सुटला. सुमितला अचानक कुणाचा तरी फोन आला. तो कानाला लावून गाडीकडे चालायला लागला. फोन वाजलेला मात्र कुणी ऐकला नव्हता. रंगुबाई मांडवामागं निघून गेली आणि तिथं भांडी आपटल्याचे आवाज येऊ लागले. मोनालीला पुढं हे सगळं निस्तरायचं होतं, आज संध्याकाळीच सुरू होणार होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी ती पाटाशेजारून हलली नाही.

शंकरराव उभेच होते. फेट्याचं उरलेलं कापड त्यांच्या हातात लोंबत होतं. सोडावं तर सगळा गाव बघतोय, बांधावं तर सगळा गाव बघतोय. तालुक्यात नावाजलेल्या त्या हातांना पुढचा पेच सापडेना. राजश्रीनं थोडी वाट पाहिली. मग मान न हलवता एक हात वर केला, कापड त्यांच्या मुठीतून ओढून घेतलं, आणि एका हातानं पोराला धरून दुसऱ्या हातानं स्वतःच वेढे आवळले. वाकडेतिकडे बसले. टोक खोचायला मोनालीनं हात लावला.

आनंदरावानं गोटूच्या डोक्यावर पाणी चोळलं आणि वस्तरा उचलला. गोटूनं मावशीच्या साडीत तोंड खुपसलं.

“कानामागचंबी नीट काढा,” राजश्री म्हणाली. “पुन्हा काढाया कुनाला काय शिल्लक नगं.”